उद्यासाठी आज किती बांधून ठेवावे?

घर बांधायला काढले की पाया खणण्यापासून स्लॅब ओतेपर्यंतच्या काही महिन्यांत माणसाला इतके प्रश्न विचारले जातात, की पुढे त्या घरात राहताना वीस वर्षांतही तेवढे विचारले जात नाहीत. पाया एका मजल्याचा धरू की तीन मजल्यांचा? वर पुढेमागे न्हाणीघर काढणार असाल तर पाइपाची जागा आत्ताच ठेवू का? या भिंतीत आणखी दोन पॉइंट काढून ठेवू? प्रत्येक प्रश्नामागे एकच सूर असतो, आत्ता करून टाका, नंतर फोडाफोडी करण्यापेक्षा बरे.

हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पण तो नेहमी एकाच बाजूला झुकलेला असतो. कमी बांधल्याचा पश्चात्ताप डोळ्यांना दिसतो. भिंत फुटते, धूळ उडते, आठवडाभर घरात राहता येत नाही, शेजारी विचारतात काय चाललेय. जास्त बांधल्याचा पश्चात्ताप कुणाला दिसत नाही. भिंतीत गाडलेली आणि कधीच न वापरलेली वायर, कुणीच राहायला न आलेली वरची खोली, पंधरा वर्षे रिकामा पडलेला लिफ्टचा खड्डा यांचा हिशेब कुणी मांडत नाही. सल्ला देणाऱ्यांपैकी ठेकेदाराला जास्त कामाचे जास्त पैसे मिळतात आणि बाकीच्यांच्या खिशातून काहीच जात नाही. त्यामुळे 'करून टाका' म्हणणारे चारही बाजूंनी भेटतात, 'नको, गरज नाही' म्हणणारा क्वचितच.

माझे म्हणणे असे, की घरात जे पुढे बदलता येणार नाही त्यावर आज सढळ हाताने खर्च करावा आणि जे बदलता येईल त्यावर भविष्याच्या नावाने काहीही खर्च करू नये. उद्यासाठी जागा ठेवावी, वाट ठेवावी, उतार आणि उंची ठेवावी. यंत्रे, वायरी आणि खोल्या आज घेऊन ठेवू नयेत. आणि यातल्या निदान काही गोष्टी घरमालकाच्या हौसेवर किंवा बिल्डरच्या मर्जीवर न सोडता बांधकामाच्या नियमांत आल्या पाहिजेत. हा प्रश्न एकेकट्या घराचा वाटतो, पण तसा तो नाही.

फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुविशारदाने कचेऱ्यांच्या इमारतींविषयी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली होती. इमारत म्हणजे एकसंध वस्तू नसते, वेगवेगळ्या आयुष्याच्या थरांची ती रचना असते. सांगाडा पन्नास वर्षे टिकतो, वीज-पाणी-वातानुकूलनाची यंत्रणा पंधरा-एक वर्षांत बदलावी लागते, आतल्या आडभिंती आणि मांडणी पाच-सात वर्षांत हलते. घरात आकडे थोडे वेगळे निघतील, पण क्रम हाच. घोटाळा होतो तो कमी आयुष्याचा थर जास्त आयुष्याच्या थरात चिणून टाकल्यावर. पंधरा वर्षे टिकणारा पाइप पन्नास वर्षांच्या काँक्रीटमध्ये गाडला, की पाइप बदलायला काँक्रीट फोडावे लागते. त्याआधी, १९६०च्या दशकात, जॉन हब्राकेन हे डच वास्तुविशारद सामूहिक घरांबद्दल असेच काही सांगत होते. टिकाऊ आधार वेगळा ठेवा आणि आतला भराव, म्हणजे आडभिंती आणि मांडणी, राहणाऱ्याच्या हाती सोपवा, असा त्यांचा आग्रह होता. मला हा विचार भविष्याच्या सगळ्या अंदाजांपेक्षा जास्त कामाचा वाटतो, कारण तो चालायला पुढे काय होणार हे माहीत असावे लागत नाही. कुठली गोष्ट किती काळ टिकते एवढे कळले की पुरते.

उलट काय घडते ते पाहायचे तर गच्चीवर उभ्या सोडलेल्या सळ्या पाहाव्यात. जगातल्या कितीतरी देशांत एकमजली घरांच्या माथ्यावर कॉलमच्या सळ्या हात-दोन हात वर डोकावताना दिसतात. मागची भावना अगदी समजण्यासारखी आहे. आज पैसे एका मजल्याचे आहेत, उद्या मुले मोठी होतील, तेव्हा वर चढवू. पण त्या सळीजवळ जाऊन बघावे. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच तिच्यावर तांबूस थर चढतो, मग तो पापुद्र्यांनी सुटू लागतो. सळी जिथे काँक्रीटमध्ये शिरते तिथे पाणी साचते आणि आत झिरपते. गंज हा लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. त्या दाबाने कॉलमच्या डोक्यावरचे काँक्रीट तडकते. उद्याच्या मजल्यासाठी ठेवलेली सळी आजच्या मजल्याचा कॉलम आतून उकलत असते.

बरे, गंज चढला नाही असे धरू. सिमेंटचा लेप देऊन, वर साधे काँक्रीट ओतून सळ्या झाकून ठेवल्या, असे करणारे जाणते लोक असतातच. तरी प्रश्न उरतो. भूकंपरोधक बांधकामाचे नियम सांगतात, की कॉलममधल्या सळ्यांचा सांधा उंचीच्या मधल्या अर्ध्या भागातच यावा, कारण भूकंपात सगळ्यात जास्त ताण कॉलमच्या पायथ्याशी आणि डोक्याशी येतो. हात-दीड हात सोडलेली सळी नेमकी पायथ्याशीच सांधायला लावते. शिवाय वीस वर्षांनी मजला चढवायचा ठरेल तेव्हा भाराचे आणि भूकंपाचे नियम बदललेले असतील आणि इंजिनिअरला सगळा हिशेब नव्याने करावा लागेल. त्या हिशेबात उपयोगी पडतो तो पाया. जमिनीखालचे फुटिंग, म्हणजे कॉलमच्या बुडाचा काँक्रीटचा पाया, किती रुंद, किती खोल, खालच्या मजल्याचे कॉलम किती जाड आणि त्यात लोखंड किती, यांवर वर काही चढेल की नाही ते ठरते. हा भाग पुढे वाढवता येत नाही असे नाही, पण त्यासाठी घराखाली खणावे लागते, कॉलमला नवे आवरण चढवावे लागते, आणि ते काम नवे घर बांधण्याइतके जिकिरीचे होते. म्हणून वर मजला चढण्याची खरी शक्यता असेल तर पाया आणि खालचे कॉलम आजच त्या भाराचे करावेत, त्याचा लेखी हिशेब जपून ठेवावा आणि गच्ची नीट उतार देऊन, वॉटरप्रूफिंग करून बंद करावी. सळ्या कॉलमच्या माथ्याशी संपल्या तरी अडत नाही. पुढे काँक्रीट थोडे फोडून किंवा भोके पाडून, रसायनाने सळ्या बसवून सांधा करता येतो. तो इंजिनिअरच्या देखरेखीखाली करण्याचा विषय आहे, पण करता येतो. दुबळ्या पायाला असा उपाय नाही.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. जोत्याची उंची एकदाच ठरते. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे मुसळधार पाऊस आणखी मुसळधार होत जाणार. आजवर अंगणात जिथपर्यंत पाणी आले तेवढी खूण धरून जोते ठरवणे आता पुरेसे नाही. छताची उंची, खिडक्यांच्या दिशा, उन्हाच्या बाजूला भिंतीबाहेर येणारे छज्जे यांचेही तसेच. एसी कधीही बसवता येतो. पश्चिमेकडे तोंड करून बांधलेली काचेची भिंत पूर्वेकडे वळवता येत नाही.

आता वायरींकडे येतो, कारण 'भविष्यासाठी' हा शब्द सगळ्यात जास्त पैसे खातो तो इथे. एके काळी प्रत्येक खोलीत टेलिफोनचा पॉइंट काढत, मग टीव्हीच्या केबलचा, मग स्पीकरच्या वायरी भिंतीतून फिरवत, मग प्रत्येक कोपऱ्यात नेटवर्कची केबल नेत. त्या त्या वेळी हे सगळे दूरदृष्टीचे होते. आज फोन खिशात आहे, टीव्ही इंटरनेटवर आहे, आणि भिंतीतल्या कितीतरी पेट्यांवर कोरी झाकणे बसली आहेत. उलट अनुभवही आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ठरलेल्या कॅट-५ई या नेटवर्कच्या केबलला लोक सेकंदाला एक गिगाबिटची मर्यादा धरून म्हातारी ठरवत होते. २०१६मध्ये नवा मानक आला आणि त्याच जुन्या तांब्यावरून अडीच गिगाबिट वेग मिळू लागला. केबल न बदलता तिचे आयुष्य वाढले. म्हणजे नवे घेऊन ठेवणाऱ्याचाही अंदाज चुकतो आणि जुने मोडीत काढणाऱ्याचाही.

यातून सुटायची वाट साधी आहे आणि ती कुठल्याही जाणत्या इलेक्ट्रिशियनला ठाऊक असते. वायर टाकू नका, पाइप टाका. आतून रिकामा, गरजेपेक्षा एक माप मोठा, आणि वळणे जितकी कमी तितका चांगला. दोन काटकोनी वळणांनंतर मध्ये पेटी हवीच, नाहीतर पुढे वायर ओढताना अडकते. पाइपात एक मजबूत तार किंवा नायलॉनची दोरी आतून बाहेर काढून ठेवावी आणि दोन्ही टोके घट्ट बंद करावीत, नाहीतर स्लॅब ओतताना सिमेंटचे पाणी आत शिरते आणि पाइप कायमचा बुजतो. एवढे केले की उद्या त्यातून तांबे जाईल, फायबर जाईल किंवा आज ज्याचे नावही माहीत नाही असे काहीतरी जाईल. वायरिंगच्या एकूण खर्चात हा रिकामा पाइप फार थोडी भर घालतो.

भिंतीत गाडलेल्या नव्या मालाचे काय होते याचे एक उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत १९७८ ते १९९५ या काळात लाखो घरांत पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकचे पाण्याचे पाइप घातले गेले. स्वस्त, लवचिक, बसवायला सोपे. भविष्यातला पाइप म्हणून त्याचे कौतुक झाले. पुढे पाण्यातल्या क्लोरीनने तो आतून ठिसूळ होऊ लागला, सांधे फुटले, घरे ओली झाली. खटले उभे राहिले, मोठ्या नुकसानभरपाया द्याव्या लागल्या, आणि तो पाइप बाजारातून गेला. पण घरमालकांना भिंती फोडाव्या लागल्या त्या लागल्याच. मी नव्या वस्तूंच्या विरोधात नाही. नवी वस्तू हाताला लागेल अशा ठिकाणी असावी एवढेच माझे म्हणणे आहे. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या उभ्या नळ्या एका डक्टमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, आणाव्यात, त्याला माणूस आत वाकू शकेल एवढे दार ठेवावे. मग पाइप कशाचा का असेना, तो बदलता येतो.

सौर पॅनेल आणि विजेवर चालणारी गाडी यांनाही हाच न्याय. २०१०नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. त्या दशकाच्या सुरुवातीला ज्याने गरज नसताना पुढची सोय म्हणून छतभर पॅनेल घेतली त्याचे पैसे गेले. ज्याने छताचा सावली न पडणारा भाग मोकळा ठेवला, पाण्याच्या टाक्या त्यावर मांडल्या नाहीत आणि छतापासून मीटरपर्यंत एक पाइप उतरवून ठेवला, त्याचे भले झाले. आज गरज आणि हिशेब जुळत असेल तर पॅनेल आजच बसवावीत, त्याला भविष्याची सबब लागत नाही. गाडीचे तसेच. घरगुती जलद चार्जर साधारण बत्तीस अँपिअर, म्हणजे सात किलोवॅटच्या आसपास वीज खेचतो, आणि तीही तासन्‌तास. साध्या प्लगच्या वायरीवर तो भार टाकता येत नाही. पण म्हणून आज चार्जर विकत घेण्याची गरज नाही. मीटरच्या पेटीत दोन जागा रिकाम्या ठेवाव्यात, मुख्य जोडणी पुढे वाढवता येईल एवढ्या मापाचा पाइप टाकावा आणि गाडी उभी राहते तिथपर्यंत दुसरा. विकत घ्यायची वस्तू स्वस्त होत जाते आणि फोडाफोडीची मजुरी महाग होत जाते. हा कल जोवर असा आहे तोवर वाट ठेवणारा फायद्यात राहतो.

इथपर्यंतचा हिशेब पैशांचा होता. पुढचा तसा नाही, आणि माझ्या मते घर बांधताना सगळ्यात जास्त विचार ज्याचा व्हायला हवा तो हाच भाग सगळ्यात कमी विचारात घेतला जातो. घरात राहणारे माणूस म्हातारे होणार, पडणार, आजारी होणार. इथे अंदाज बांधायची गरज नाही. इंटरनेट वीस वर्षांनी कसे असेल ते सांगता येत नाही, पण आज पन्नास वर्षांचा असलेला माणूस तेव्हा सत्तरचा असेल हे सांगता येते.

न्हाणीघराचे दार बघा. घरातले सगळ्यात अरुंद दार बहुधा तेच असते. चौकट वगळून, उघडलेल्या दाराच्या फळीची जाडी वगळून, आत जायला मोकळी जागा कितीदा चोवीस-पंचवीस इंचच उरते. हाताने चालवायची साधी व्हीलचेअर साधारण पंचवीस ते सत्तावीस इंच रुंद असते. म्हणजे खुबा मोडून दवाखान्यातून परतलेले माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या शौचालयापर्यंत पोचते आणि दारात अडते. मग दोघांनी उचलून न्यायचे किंवा खोलीतच भांडे द्यायचे. दार बहुतेक वेळा आत उघडते. आत कुणी घसरून दाराला टेकून पडले तर बाहेरून दार लोटता येत नाही, लोटले तर पडलेल्यालाच लागते. दाराशी दोन-अडीच इंचांचा उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. तो पायाला ठेच लागायची हमखास जागा. भिंतीला धरायला म्हणून जो टॉवेलचा दांडा असतो तो दोन बारीक स्क्रूंवर लटकलेला असतो, आणि पडणारे माणूस नेमके त्यालाच धरते.

हे सगळे बांधतानाच टाळायला फार थोडे लागते. दाराची मोकळी रुंदी बत्तीस इंच. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते. उंबऱ्याऐवजी फरशीला उतार आणि दाराशी लांबट जाळी. कमोडच्या आणि नळाच्या बाजूची भिंत भरीव, म्हणजे पुढे हाताचा दांडा बसवायचा झाला तर अंगाचा सगळा भार तोलून धरेल. भिंत हलकी असेल तर आत जाड प्लायवूडची पट्टी. तळमजल्यावर एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर, किंवा आज ते नको असेल तर निदान त्या कोपऱ्यात जमिनीखाली सांडपाण्याचा चार इंची पाइप तोंड बंद करून. हा पाइप मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे तो काढणे भारी पडते. सांडपाण्याला उतार लागतो. चाळीसात एक असा उतार धरला तर कमोड मूळ जागेपासून दहा फूट हलवताना तीन इंच खाली जावे लागते, त्यावर पाइपाची स्वतःची जाडी. तेवढी खोली फरशीखाली नसेल तर सगळी फरशी उचलावी लागते किंवा न्हाणीघर एका पायरीवर चढवावे लागते, आणि पायरी तर आपल्याला टाळायची होती.

शिवाय हे काम 'नंतर करू' म्हणून चालत नाही, कारण नंतर वेळ मिळत नाही. हाड मोडते ते एका क्षणात, आणि दवाखाना काही दिवसांत घरी पाठवतो. त्या काही दिवसांत भिंत फोडून दार रुंद करणे कुणाला जमत नाही. कित्येक माणसे केवळ घर त्यांना परत घेऊ शकत नाही म्हणून दुसरीकडे जातात. रोनाल्ड मेस हे अमेरिकन वास्तुविशारद लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअर वापरत. अपंगांसाठी वेगळे, म्हाताऱ्यांसाठी वेगळे असे न करता मुळातच सगळ्यांना वापरता येईल असे घडवा, हा विचार त्यांनी आयुष्यभर लावून धरला. रुंद दाराचा त्रास कुणालाच होत नाही. त्यातून सामान हलवायला सोपे जाते, बाबागाडी जाते, आणि वेळ आली तर व्हीलचेअरही जाते.

मग काय करावे आणि काय नको हे ठरवताना एक हिशेब मांडता येतो. एखादी गोष्ट नंतर करायला आजच्या दहापट खर्च येणार असेल, तर ती लागण्याची शक्यता दहात एकापेक्षा जास्त असली की आज करणे परवडते. नंतर फक्त दुप्पट खर्च येणार असेल, तर ती निम्म्याहून जास्त वेळा लागायला हवी. त्यात पुन्हा आज गुंतवलेला पैसा पंधरा वर्षे अडकून पडतो, आणि कर्ज काढून बांधले असेल तर त्यावर व्याजही चढते. या चाळणीतून रिकामा पाइप सहज पार होतो, पाया बहुधा होतो, न्हाणीघराचे दार तर नक्कीच होते. लिफ्ट होत नाही. लिफ्टसाठी जागा मात्र होते. दोन्ही मजल्यांवर एकाखाली एक येतील अशी साधारण पाच फूट बाय पाच फुटांची कपाटे बांधावीत, तेवढ्या भागाभोवती स्लॅबमध्ये बीमची चौकट करावी आणि मधला तुकडा पुढे कापून काढता येईल असा ठेवावा. तोवर तिथे गाद्या-पांघरुणे राहतील.

जास्तीच्या खोल्या या चाळणीत सपशेल नापास होतात, आणि लोक सर्वांत जास्त पैसा तिथेच घालतात. पुढे कुटुंब वाढेल म्हणून बांधलेल्या खोल्या झाडाव्या लागतात, रंगवाव्या लागतात, गळल्या तर दुरुस्त कराव्या लागतात, त्यांचा कर भरावा लागतो, आणि वाढलेले कुटुंब अनेकदा दुसऱ्याच गावी राहायला जाते. यात नुकसान फक्त मालकाचे होत नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होते. न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक खोलीसाठी कुठली तरी टेकडी फोडलेली असते, कुठल्या तरी नदीची वाळू उपसलेली असते. पुढच्या पिढीची सोय म्हणून बांधलेले घर त्याच पिढीच्या वाट्याचे पाणी आणि हवा खर्चून उभे राहत असेल, तर ती सोय कसली?

आता सार्वजनिक बाजू. स्वतःचे घर स्वतः बांधणारा माणूस निदान हे प्रश्न ऐकतो. बांधलेले घर विकत घेणाऱ्याला कुणी विचारतच नाही. बांधणारा त्या घरात राहणार नसतो, आणि घेणाऱ्याला भिंतीच्या आतले दिसत नाही. त्याला फरशी दिसते, नळाची चकाकी दिसते. रिकाम्या पाइपासाठी जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक नाही म्हणून पाइप टाकणारा बांधकामदार नाही. ही कोंडी बाजार स्वतःहून फोडणार नाही, तिथे नियमच हवा. आणि असे नियम झालेही आहेत. युरोपीय संघाने २०१८मध्ये ठरवले, की दहापेक्षा जास्त गाड्यांची जागा असलेल्या नव्या निवासी इमारतींत प्रत्येक जागेपर्यंत चार्जिंगच्या वायरीसाठी पाइप असलाच पाहिजे. २०२४मध्ये ती मर्यादा तीनपेक्षा जास्त गाड्यांवर आणली आणि निम्म्या जागांपर्यंत वायरही सक्तीची केली. इंग्लंडमध्ये १९९९पासून नव्या घरांना पायरीविना आत येता येईल असे दार आणि प्रवेशाच्या मजल्यावर शौचालय हा बांधकाम नियमांचा भाग आहे. पहिल्या नियमातली पाइपाची अट मला निःसंशय योग्य वाटते; वायरीची सक्ती करताना मात्र त्यांनी पुढच्या तंत्राविषयी जरा जास्तच खात्री बाळगली असे वाटते. इंग्लंडच्या नियमाबद्दल तर मनात कसलीच शंका नाही.

यावर आक्षेप येतो तो परवडण्याचा. आधीच घरे लोकांच्या आवाक्याबाहेर, त्यात आणखी अटी कशाला? आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर सगळ्यात गरीब लोकांसाठी झालेल्या कामातच सापडते. चिलीमधल्या इकीके शहरात वास्तुविशारद अलेहान्द्रो अरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४च्या सुमारास सुमारे शंभर कुटुंबांची वसाहत बांधली. अनुदानाच्या पैशात पूर्ण घर बसत नव्हते. त्यांनी प्रत्येकाला अर्धेच घर बांधून दिले, पण विचारपूर्वक निवडलेले अर्धे. सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शेजाऱ्याच्या घरापासून वेगळे करणारी भिंत, म्हणजे जे कुटुंबाला स्वतः करायला कठीण ते सगळे. शेजारी तेवढीच मोकळी जागा. ती लोकांनी आपल्या गतीने, आपल्या पैशांनी भरली. त्याआधी इंदूरच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी हेच सूत्र आणखी साधेपणाने वापरले होते. जमिनीचा तुकडा, जोते, पाणी आणि शौचालयाचा गाभा एवढे द्यायचे, बाकी घर माणूस वाढवत नेईल. दोघांनीही भविष्य बांधून दिले नाही, त्याची वाट बंद होऊ दिली नाही. पैसा कमी असतो तेव्हा हा विवेक जास्त लागतो. कमी पैशात चकचकीत फरशी द्यायची की रुंद दार, असा प्रश्न असेल तर नियमाने दाराच्या बाजूने उभे राहावे. फरशी कुणीही नंतर बदलू शकते.

नियमांत आणखी एक गोष्ट यायला हवी आणि तिला तर खर्च जवळजवळ नाहीच. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा, आणि काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक स्लॅबचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. कुठून पाइप गेला, जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती अंतरावर, सळ्या किती, हे त्या फोटोत आपोआप नोंदले जाते. घरे बांधताना उद्याच्या नावाने इतका खर्च होतो, आणि ही माहिती मात्र गवंडी आणि प्लंबर निघून जातात तशी त्यांच्याबरोबर निघून जाते. मग दहा वर्षांनी ड्रिल मारताना पाण्याची लाइन फुटते, ठेवलेला रिकामा पाइप कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही आणि त्याच्या शेजारीच नवी भिंत फोडली जाते. २०१७मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून बहात्तर माणसे गेली. त्यानंतरच्या २०२२च्या कायद्याने तिथल्या उंच निवासी इमारतींसाठी बांधकामाची खरी माहिती डिजिटल स्वरूपात जपून ठेवण्याची आणि इमारतीच्या आयुष्यभर अद्ययावत करत राहण्याची जबाबदारी घातली. छोट्या घराला एवढी यंत्रणा नको. पण भिंतींचे फोटो, पायाचा हिशेब, इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि प्रत्यक्षात जसे बांधले तसा पाइप-वायरींचा आराखडा हे सगळे हातात पडल्याशिवाय घर पूर्ण झाल्याचा दाखला मिळू नये. घर विकले जाईल तेव्हा किल्लीबरोबर तो संच पुढच्या माणसाकडे जावा. गच्चीवर आणखी एक मजला चढेल का, हे त्याला मग कुणाच्या अंदाजावर ठरवावे लागणार नाही.